धुराडं न झाडणाऱ्या रावसाहेबांस खुलं पत्र

रा. रा. रावसाहेब यांस,


व्हरमाँटच्या थंडीवर तोडगा म्हणून आपण लाकडाचा स्टोव्ह घेतलात, विटांच्या जुन्या धुराड्यात स्टेनलेस स्टीलचा सहा इंची लायनर सोडलात आणि 'आता जन्मभर बघायला नको' असं जाहीर करून टाकलंत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. वर्षातून एकदा तरी धुराडं तपासून घ्या, असं अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे मानक बजावतं. पण मानकं म्हणजे सामान्य माणसांची सोय. आपल्याला त्यांचा काय उपयोग?

सरपणाच्या बाबतीतही आपला उरक दांडगा. ओकचं लाकूड फोडून रचलं तरी वाळायला सहज दोन उन्हाळे घेतं. आपण ऑगस्टात पाडलेला ओक ऑक्टोबरात पेटवलात! लाकडात ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा, हे ठाऊक असल्यामुळे आपण मोजायचं यंत्रही आणलंत आणि ते ओंडक्याच्या सुकलेल्या टोकाला टेकवून आलेला आकडा येईल-जाईल त्याला दाखवलात. ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या अंगावर सुया टोचायच्या असतात म्हणे. पण मग आकडा मनासारखा कसा यायचा?

रात्री झोपताना हवेची झडप जवळजवळ बंद करून निखारे सकाळपर्यंत पुरवण्याची आपली काटकसर तर वाखाणण्यासारखीच. ओल्या लाकडाची बरीच धग पाणी उकळण्यात जाते, उरलेली आपण कोंडून मारता. असा निवलेला धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातल्या वाफा लायनरच्या आतल्या अंगाला चिकटतात. हे क्रिओसोट. आधी भुसभुशीत काजळी असते, ती ब्रशने झडते. मग खरखरीत पापुद्रे धरतात. शेवटी काळा, चकचकीत थर जमतो, आतून डांबर चोपडल्यासारखा, आणि तो ब्रशला भीक घालत नाही. थर तीन मिलिमीटरवर गेला की झाडून घ्यावं, असा या धंद्यातला रिवाज. आपण बहुधा विक्रमाच्या मागे आहात.

हा थर पेटला की पाइपात हजार अंशांच्या पुढे आग जाते, घर घुमू लागतं. स्टील वाकतं, सांधे सुटतात आणि धग विटांपलीकडच्या लाकडी वाशांपर्यंत पोचते. निदान त्या रात्री तरी घर ऊबदार राहील.

धुराडं झाडणं हे तसं हलकं काम, आपल्या इतमामाला न शोभणारं. स्टोव्ह पूर्ण गार करायचा, आतली वरची आडवी फळी काढायची, तोंड प्लॅस्टिकने बंद करायचं आणि लायनरच्या मापाचा नायलॉनचा ब्रश लवचीक दांड्यांवर चढवून ड्रिलने वरपर्यंत फिरवायचा. दांड्या आट्यांच्या असतील तर ड्रिल एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटं फिरवलंत तर सांधा सुटतो, ब्रश वर अडकतो आणि आपण रिकाम्या दांड्या हातात धरून उभे राहता. फळी न काढता झाडलं, तर पडलेली सगळी काजळी तिच्यावरच साठते नि धुराची वाट अडते. वरच्या टोपीची जाळीही बघायची. ती सगळ्यात थंड जागा, म्हणून तीच आधी तुंबते आणि धूर घरात परततो.

बाजारात एक औषधी ओंडका मिळतो. तो जाळला की थर ठिसूळ होतो, आणि मग ब्रशच फिरवावा लागतो. हा शेवटचा भाग आपण वेष्टनावर वाचला नसावा.

तरी एक विनंती. खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठला की वाजतो, त्या अलार्ममध्ये बॅटरी परत घाला. आणि यंदाचा पहिला जाळ लावण्याआधी माझ्याकडून सहा इंची ब्रश घेऊन जा. चकचकीत थर दिसला, तर मात्र धुराडं झाडणाऱ्या माणसालाच बोलवा. ब्रश धुऊन परत द्यायचा आहे.

आपला,
पलीकडच्या घरातला शेजारी