खर्जातला बाप

आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला माझ्या हातात झांजा देतात. मी त्या छान वाजवतो असं नाही; हात गुंतले की माणूस गातो कमी, एवढाच हिशेब. असा मी न्यू हेवनला लेकीच्या कॉलेजातल्या गाणाऱ्या कंपूच्या स्नेहमेळाव्याला गेलो, तो निव्वळ बॅगा उचलायला.

येल विद्यापीठ याच गावात. ज्याच्या नावाचं ते आहे तो एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर होता. १७१८ साली त्याने कॉलेजला नऊ गासड्या माल, ४१७ पुस्तकं आणि राजाची तसबीर धाडली. म्हणजे आपल्याकडचा पैसा एकदा तिकडे गेलाच होता; मी लेकीची फी भरून पुन्हा पाठवला. बायनेकी ग्रंथालय पाहिलं. संगमरवरी भिंतींतून ऊन झिरपतं. छान आहे.

अ कॅपेला, म्हणजे वाद्याविना नुसत्या गळ्यांवर गाण्याचं इथलं वेड जुनं. व्हिफेनपूफ्स हा चमू १९०९ पासून गातोय. बाईला आत घ्यायला मात्र त्यांना २०१८ उजाडलं. लेकीचा कंपू धाकटा, मुलामुलींचा आणि कमालीचा विसरभोळा. सूर द्यायची पिच पाइप, सुपारीच्या डबीएवढी गोल चकती, कुणीच आणली नव्हती. खर्ज गाणाऱ्याचं तर विमानच चुकलं होतं.

"बाबा, तुझ्या फोनवर तानपुरा आहे ना?"

होता. त्यांना बी फ्लॅट हवा होता, मी काळी पाच लावली. सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले, आणि तिथेच घात झाला.

"मग खर्जही तूच धर. एकच सूर आहे. नुसतं डूम म्हणायचं."

एकच सूर म्हणता म्हणता चार निघाले. तोवर वूस्टर स्ट्रीटवरून शिंपल्यांचा पिझ्झा येऊन ओट्यावर पडला होता. टोमॅटो नाही, नुसता लसूण, चीज आणि आपल्या तिसऱ्यांची चुलत भावंडं! माझ्यातला मालवणी कासावीस झाला. पण "पुन्हा एकदा, वरपासून" हे वाक्य या लोकांना कंटाळा आणत नाही. खोका उघडायला हात गेला की माझं डूम आलंच.

साथीला वाद्य नसलं की सूर हळूहळू उतरतो, आणि सगळे मिळून उतरतात म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी तानपुरा लावून पाहिला, तर आम्ही पांढरी सहावर.

"खर्जाच्या मागे सगळे जातात, बाबा," लेक म्हणाली.

घरात माझ्यामागून मांजरही येत नाही. इथे तेरा माणसं आली, तीही खाली.

शिकत असताना ही फोनवर "रिहर्सल आहे, नंतर करते" म्हणून ठेवून द्यायची. मी हिच्या आईला म्हणायचो, नक्की मुलगा आहे. मुलगेच होते, सात. शिवाय सहा मुली. पहिल्या हिवाळ्यात ही तापाने पडली, तेव्हा यांच्यातल्याच एकाने आयुष्यातली पहिली खिचडी केली, हळद न घालता. तो ताप आम्हाला कुणी कळवला नव्हता. मी त्या मुलाकडे बघत राहिलो आणि माझं डूम चुकलं. कुणी काही बोललं नाही.

तुम्हाला असं बोलावणं आलं तर जरूर जा. पिझ्झा मात्र गाण्याआधी खा. गार झाला की चीज थिजतं आणि शिंपल्या चामट होतात.