झोपायलाच तर जायचंय!

मराठी कुटुंबाची सहल ठरते तेव्हा आधी तारीख ठरते, मग गाडी ठरते, मग कोण येणार नाही हे ठरतं. राहायचं कुठे हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळतो आणि अखेर एका वाक्याने निकालात निघतो : "झोपायलाच तर जायचंय!" हे वाक्य पैसे भरणारा उच्चारतो. बाथरूमचं दार आधी उघडणारी व्यक्ती ते कधीच उच्चारत नाही. या दोन पक्षांतला पिढीजात तंटा मिटावा, या उदात्त हेतूने पुढील विधी सांगितला आहे.

पायरी पहिली : पाटी नीट वाचावी

मराठीत हॉटेल म्हणजे मिसळ, कटिंग चहा आणि गल्ल्यावरची उदबत्ती. राहायला जायचं ते लॉजवर. रात्री साडेदहाला महामार्गावर 'हॉटेल' अशी पाटी पाहून गाडी वळवणाऱ्याच्या पदरी म्हणूनच खोलीऐवजी पावभाजी पडते. 'लॉजिंग-बोर्डिंग' लिहिलं असेल तर पाठ आणि पोट दोन्हींची सोय आहे असं समजावं. 'फॅमिली रूम' या शब्दांना मात्र भुलू नये. आत चार टेबलं असतात आणि वेटर ऑर्डर विचारतो.

पायरी दुसरी : तारे मोजावेत, पण बेताने

हॉटेलांना एक ते पाच तारे देण्याची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची रीतसर पद्धत आहे. किमान १० खोल्या लागतात, समिती येऊन पाहणी करते आणि मिळालेला दर्जा पाच वर्षं टिकतो. त्यासाठी अर्ज करणं ऐच्छिक आहे. तेव्हा बिनताऱ्याचं हॉटेल वाईटच असेल असं नाही. कदाचित मालकाने अर्जच केला नसेल. सहा खोल्यांपर्यंतच्या घरगुती निवासांना तारे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी केंद्राच्या योजनेत 'सोनं' आणि 'चांदी' असे दोन वर्ग आहेत. महाराष्ट्राचीही 'निवास न्याहारी' योजना आहेच. गुहागरकडच्या एखाद्या घरात आंबोळी तव्यावरून थेट पानात येते, पण त्या घरावर तारा दिसायचा तर रात्री अंगणात जाऊन मान वर करावी लागते.

पायरी तिसरी : ते वाक्य खरं करून पाहावं

'झोपायलाच तर जायचंय' हे वाक्य जगात एकाच माणसाने मनावर घेतलं. जपानी वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी रचना केलेलं पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकात सुरू झालं. माणूस आडवा मावेल एवढी पेटी, तिच्यावर दुसरी पेटी, आणि बाकी सगळं सामायिक. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर तशाच धर्तीचं पॉड हॉटेल उघडलं : ४८ पॉड, सुरुवातीचा दर १२ तासांना ९९९ रुपये. त्यांत सात पॉड फक्त महिलांसाठी राखीव.

ज्या घरात ते वाक्य वारंवार ऐकू येतं, तिथल्या कर्त्या पुरुषाला एक रात्र इथे अवश्य ठेवावं. रात्री अकराला पिशवीतला चिवडा काढून बसायला जागा नाही, ओली चड्डी वाळत घालायला खिडकीचे गज नाहीत, आणि बायको महिलांच्या पॉडमध्ये असल्याने 'चार्जर कुठे ठेवलास?' हे फोनवर विचारावं लागतं. त्याच फोनची बॅटरी संपत आलेली असते. झोपण्यापलीकडे लॉजवर आपण किती उद्योग करतो, याचा साक्षात्कार पहाटेपर्यंत होतो.

पायरी चौथी : कागद-पेन्सिल घ्यावी

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. हिशेब सोपा आहे. ७,५०० रुपयांच्या खोलीवर कर ३७५, एकूण ७,८७५. 'शंभराने काय होतंय' म्हणून ७,६०० ची खोली घेतली की कर १,३६८ आणि बिल ८,९६८. शंभर रुपयांची हौस १,०९३ रुपयांना पडली. एवढ्या रकमेत जो फरक मिळतो, तो बहुधा उशांच्या संख्येत असतो.

पायरी पाचवी : नकाशाला भाडं विचारावं

स्वस्त खोली बहुतेक वेळा स्वस्त नसते, लांब असते. वाईत खोली घेऊन महाबळेश्वर 'करणारे' धोरणी लोक आहेत. पसरणीचा घाट रोज दोनदा चढ-उतार केला, पेट्रोल जळलं आणि धाकट्याला दोनदा उलटी झाली, की वाचलेले पैसे नेमके कुठे वाचले ते सांगता येत नाही.

या विषयाची खरी शाळा माथेरान. मोटारगाडी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि बाजारपेठ तिथून सुमारे अडीच किलोमीटर. पुढे पाय, घोडा, हमाल किंवा मिनी ट्रेन. अशा ठिकाणी हॉटेलचा दर रुपयांत पाहून भागत नाही, बॅगांच्या संख्येने गुणावा लागतो. 'निसर्गाच्या कुशीत, गर्दीपासून दूर' या जाहिरातीचा अर्थ तिथे लाल मातीत दीड तास असा होतो, आणि चाकांची बॅग आणणाऱ्याला चाकांचा उपयोग फक्त प्लॅटफॉर्मवर असतो हे उमगतं.

पायरी सहावी : स्वस्त खोलीची परीक्षा

खोली दाखवणारा पोऱ्या टीव्ही लावून दाखवतो. तिकडे बघू नये. आधी नळ, मग फ्लश, मग आतली कडी, मग पंखा पाचवर. चादर उलटी करून पाहावी. सुलटी त्यांनी आधीच पाहिलेली असते. 'गरम पाणी सकाळी ६ ते ९' ही पाटी असेल तर ६ म्हणजे सात आणि ९ म्हणजे आठ असं धरून आंघोळीचा क्रम रात्रीच लावावा.

स्वस्त म्हणजे कळकट, हे समीकरण मात्र शेगावला जाऊन आलेल्या माणसापुढे मांडू नये. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासातली स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त तो पुढचा पाऊण तास ऐकवतो, आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

पायरी सातवी : महागड्या खोलीची वसुली

महागड्या हॉटेलात पाण्याच्या बाटलीवरची छापील किंमत दाखवून भांडू नये. हॉटेलं त्याहून जास्त पैसे घेऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे. गिऱ्हाईक तिथे नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, बसण्याची सोय आणि वातावरणही उपभोगतं, असा त्यामागचा विचार. थोडक्यात, 'पाणी प्यायलाच तर गेलो होतो' हा युक्तिवाद देशाच्या सर्वोच्च पातळीवर फेटाळला गेला आहे.

मग वसुली सुरू होते. साडेसातला उघडणाऱ्या बुफेवर साडेदहाला बंद होईपर्यंत ठाण मांडलं जातं आणि एरवी घरी दीड पोळी खाणारा माणूस डोसा, पोहे, केक आणि कलिंगड अशा क्रमाने दुपारचं जेवण वाचवतो. किटली दिली आहे म्हणून मॅगी होते. टब आहे म्हणून पोरं तासभर बाहेर निघत नाहीत. पैसे भरलेत म्हणून तरणतलावाच्या काठावर काका विजार दुमडून बसतात. संध्याकाळी सनसेट पॉइंट 'उद्या' होतो. याउलट ज्याला लॉजच्या भिंतीपलीकडचं घोरणं ऐकू आलं, तो पाचलाच उठतो आणि महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर सूर्योदयाला हजर असतो. त्याने अख्खं गाव पाहिलेलं असतं, दुसऱ्याने अख्खी खोली.

पायरी आठवी : चेक-आउट

वेळ बाराची असते. पावणेबाराला साबण, शांपू आणि चहाच्या पुड्या पिशवीत गेलेल्या असतात, पलंगाखाली वाकून झालेलं असतं, चार्जर सापडलेला असतो. काका रिसेप्शनला फोन लावतात : "बारा म्हणजे साडेबारा चालेल ना?" पलीकडून होकार येतो. बॅगा दाराशी लावलेल्या, चपला पायात, आणि करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. आधी आजी टेकतात, मग काका, मग पोरं आडवी होतात. बारा वाजून पाच मिनिटांनी सगळी खोली गाढ झोपलेली असते, तीन दिवसांत पहिल्यांदाच.