अल्पसंख्याकांचा एक दिवस

2018 च्या एप्रिलमध्ये पुण्यात गाजावाजा न होता सत्तांतर झाले. शहराची लोकसंख्या साधारण 35 लाख आणि आरटीओच्या दप्तरी नोंदलेली वाहने 36 लाखांच्या वर. लोकशाहीत डोकी मोजतात, इथे हेडलाइट मोजले गेले आणि माणसे विरोधी बाकांवर जाऊन बसली. एकेकाळी सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर तेव्हापासून कायद्याने नसले तरी संख्याबळाने वाहनांचे आहे.

सत्ता आली की निवासस्थानाचा प्रश्न येतो. वन रूम किचनसाठी माणूस वीस वर्षे हप्ते भरतो. मोटार मात्र घरासमोरच्या रस्त्यावर फुकटात अंग टाकते. त्याच वर्षी महापालिकेने पार्किंगला शुल्क लावायचे धोरण आणले. विरोध एवढा झाला की धोरण पाच रस्त्यांपुरते उरले, मग कागदापुरते.

विकासकामांत मात्र हात आखडता नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल कोंडी फोडण्यासाठी बांधला आणि पंधराएक वर्षांत, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडला. चांदणी चौकातला जुना पूल उडवायला 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 600 किलो स्फोटके लागली. दणका झाला, धूळ बसली, पाहतात तर पुलाचा काही भाग तसाच उभा! शेवटी यंत्रे लावून तो खाली घ्यावा लागला. पुण्यातून निघून जा म्हटले की पूलसुद्धा असा अडून बसतो.

बसचे मात्र तसे नाही. ती मुकाट्याने जाते. 2006 मध्ये देशातला पहिला बीआरटी मार्ग पुण्यात सुरू झाला, म्हणजे साठ-सत्तर माणसांच्या बसला तिची स्वतःची गल्ली मिळाली. एकेकट्या स्वारांना हा पक्षपात सहन झाला नाही. नगर रस्त्यावर नंतर झालेली अशीच गल्ली पुढे उखडून टाकण्यात आली.

एवढे करून वेग किती मिळाला? टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या पाहणीत पुणे मंदगतीत जगात चौथे आले : दहा किलोमीटरला 33 मिनिटे 22 सेकंद. ताशी अठरा किलोमीटर, म्हणजे जोमाने पायडल मारणाऱ्याचा वेग. पुढे फक्त कोलंबियातले बरांकिया, कोलकाता आणि बंगळूरू. एखाद्या पुणेकराने फेरतपासणीचा अर्ज केला नसेल, तर नवलच.

तेव्हा उपाय एकच, आणखी रस्ता. तो बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून न्यायचा बेत निघाला, तेव्हा 2023 मध्ये माणसे मोर्चाने रस्त्यावर उतरली. टेकडी पावसाचे पाणी जमिनीत मुरवते आणि शहराला श्वास देते, असे त्यांचे म्हणणे. श्वासाची सोय तर सिग्नलवरही आहे! धुरातले, टायरचे आणि ब्रेकचे सूक्ष्म कण तिथे विनाशुल्क मिळतात. अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत घरपोच.

विरोधी पक्षाचे कामकाज फुटपाथवर चालते. तिथे एका आजींच्या पाठीमागे हॉर्न वाजतो.

‘‘आजी, जरा बाजूला व्हा ना.’’

‘‘अरे बाळा, फुटपाथ आहे हा.’’

‘‘माहितीये. म्हणून तर हळू चालवतोय.’’

आजी भिंतीला चिकटतात, भाजीची पिशवी पोटाशी धरतात आणि दुचाकी जाऊ देतात. गंमत तेवढ्यावर थांबते, कारण आकडे पुढे गमतीचे नाहीत. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. त्याच वर्षी पुण्याच्या नवले पुलावर उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली. उतार आजही तिथेच आहे.

मात्र अल्पसंख्याकांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. 2021 पासून महापालिका 11 डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद होतो, रांगोळ्या पडतात, गाणी लागतात. रस्त्याच्या मधोमध उभे राहून लोक फोटो काढतात. काही जण तरीही सवयीने कडेकडेनेच चालतात. रात्री बॅरिकेड हलतात. एकेरी रस्त्यावर पहिली दुचाकी शिरते, ती उलट्या बाजूने.