युद्ध चालू असेल, तर प्रश्नही चालू द्या

सीमेवर पहिली गोळी सुटली की गावात पहिला हुकूम सुटतो. आता कुणी काही विचारायचं नाही.

का नाही?

जवानांचं मनोधैर्य खचतं म्हणे. मनोधैर्य कशानं खचतं, ते १९६२ च्या ऑक्टोबरात चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी दिसलं. दहा हजार फुटांवरची थंडी, अंगावर सुती उन्हाळी गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात जुनी थ्री-नॉट-थ्री. काडतुसं माणशी पन्नास. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या आणि सातवी ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली.

त्या पोरांचा घात संसदेतल्या प्रश्नांनी केला नाही. आधी विचारलेले प्रश्न कुणी कानावर घेतले नाहीत, त्यानं केला.

विचारणारे होते, बरं का. आचार्य कृपलानी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर सभागृहात तुटून पडत होते. १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्या यांनी मेनन यांच्याशी खटके उडाल्यावर राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि मग संसदेत थिमय्यांनाच चार शब्द सुनावले. लष्करप्रमुखाची ही गत, तर तुमचीआमची काय?

१९६२ च्या फेब्रुवारीत कृपलानी थेट उत्तर मुंबईत येऊन मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले. मुंबईकरांनी मेनन यांना घसघशीत मतांनी निवडून दिलं. चीनचा हल्ला त्यानंतर आठ महिन्यांनी झाला.

मतदारालाही त्याच्या वाट्याचा दोष घ्यावा लागेल.

हल्ल्यानंतर मात्र दिल्लीत जे घडलं, ते आज मुद्दाम आठवावं असं आहे. राज्यसभेत नुकतेच आलेले ३७ वर्षांचे अटलबिहारी वाजपेयी यांनी मागणी केली की संसद तातडीनं बोलवा. लढाई संपू द्या, मग बघू, असं नेहरू सहज म्हणू शकले असते. त्यांनी अधिवेशन अलीकडे आणून ८ नोव्हेंबरला सुरू केलं. बैठक गुप्त घ्या, ही सूचनाही नाकारली. चिनी फौजा आपल्या हद्दीत असताना लोकसभेत १६५ खासदार बोलले. उघड्यावर, साऱ्या जगादेखत.

देश बुडाला का त्यानं?

मेनन यांचं संरक्षण खातं तर अधिवेशनाआधीच, ३१ ऑक्टोबरला गेलं. ७ नोव्हेंबरला मंत्रिपदही गेलं. आणि हा रेटा केवळ विरोधकांचा नव्हता. काँग्रेसचेच खासदार आपल्या पंतप्रधानांपुढे ठाम उभे राहिले होते. स्वपक्षाच्या नेत्याला भर लढाईत तोंडावर सांगणारे खासदार आज कोणत्या पक्षात आहेत? दाखवा एक.

प्रश्नांनी लढाई जिंकून दिली नाही, हेही खरं. आघाडीवर से ला खिंड पडली, बोमडिला पडलं. पण खात्याला नवा माणूस मिळाला. यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून बोलावणं गेलं आणि २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं आपण आजही छाती फुगवून सांगतो. सह्याद्रीला वाट कुणी करून दिली? टीकाकारांनी.

त्याच दिवशी चीननं युद्धबंदी जाहीर केली. २६ ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी मात्र उठली १९६८ च्या जानेवारीत. भारत संरक्षण नियमांखाली अनेक डाव्या पुढाऱ्यांना खटल्याविना डांबलं गेलं. चर्चेला तयार झालेलं सरकार तेच, डांबणारंही तेच.

युद्ध महिनाभराचं. अधिकार पाच वर्षांचे.

या पाच वर्षांसाठी नागरिकानं जागं राहायचं असतं. संरक्षण निधीसाठी त्या हिवाळ्यात बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. ज्या घरातून बांगड्या गेल्या, ज्या घरातून मुलगा गेला, त्या घरानं हिशेब मागितला तर तो गुन्हा कसा?

पुढे १९९९. कारगिलची लढाई चालू, लोकसभा विसर्जित, पंतप्रधान वाजपेयी. विरोधकांनी मागणी केली की निदान राज्यसभेचं अधिवेशन बोलवा. सरकारनं ते बोलावलं नाही. १९६२ मध्ये संसद मागणारे हेच वाजपेयी! लढाई थांबताच त्यांनी चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेत ठेवला. हे श्रेय त्यांचंच.

२०२५. ऑपरेशन सिंदूर ७ मे रोजी सुरू झालं, १० मे रोजी गोळीबार थांबला. विशेष अधिवेशनाची मागणी झाली, ती मान्य झाली नाही. लोकसभेत चर्चा सुरू झाली २८ जुलैला, पावसाळी अधिवेशनात. दरम्यान ज्या वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी रात्रभर ओरडून सांगितली, त्यांच्याच पडद्यावरून प्रश्न विचारणाऱ्यांना देशद्रोही म्हटलं गेलं.

खोटं बोलायला मुभा, खरं विचारायला बंदी?

ब्रिटनचं उदाहरण तर सर्वज्ञात आहे. १९४२ च्या जूनमध्ये, भर महायुद्धात, ब्रिटिशांच्या हातचं तोब्रुक पडलं. जुलैच्या दुसऱ्याच दिवशी चर्चिल यांच्यावरच्या अविश्वास ठरावावर मतदान झालं. ठराव ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला. चर्चिल सभागृहातून अधिक बळकट होऊन बाहेर पडले. ज्याच्याकडे उत्तर असतं, त्याला प्रश्नाची धास्ती कशाला?

गुपितं फुटतील, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. रडार कुठे आहे, हे कुणीही शहाणा नागरिक विचारत नाही. बूट का नव्हते, हे विचारतो. मोर्चा कुठे आहे, हे विचारत नाही. तो मोर्चा राखायचा हुकूम कुणी, कशाच्या भरवशावर दिला, हे विचारतो. यातलं एकही उत्तर शत्रूच्या उपयोगाचं नाही. ते उपयोगी पडतं पुढच्या बॅचच्या जवानाला.

आणि हेच उत्तर आपण कुलपात ठेवलं आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६२ च्या पराभवाचा अहवाल १९६३ मध्ये दिला. त्यानंतर काँग्रेसची सरकारं आली, जनता पक्षाचं आलं, भाजपची आली. विरोधी बाकांवर असताना अहवाल खुला करा म्हणायचं आणि सत्तेवर बसलं की कुलूप तपासून यायचं. २०१० मध्ये तर संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्यातला मोठा भाग इंटरनेटवर टाकला. बीजिंगमध्ये बसून तो कुणालाही वाचता येतो. सरकारी शिक्क्यानिशी मात्र साताऱ्यातल्या माजी सैनिकालाही तो मिळत नाही.

अहवाल संरक्षण मंत्रालयात आहे. येत्या अधिवेशनात तो सभागृहाच्या पटलावर ठेवा.