आधीचे मालक आणि त्यांची पुट्टी

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाला स्पोर्ट्स कारचा किडा चावला, की तो फेरारीची चित्रं बघतो आणि एमजीबी घेतो. 1962 ते 1980 या काळात ॲबिंगडनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे ती दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. दोन माणसं, एक कापडी टप आणि भरपूर वारा, एवढाच तिचा संसार. माझी 1967 ची. जाहिरातीत 'किरकोळ गंज' असं लिहिलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. जेवढा दिसत होता, तेवढा किरकोळच होता.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी गाडीच्या पोटाखाली उडतं, चिखलाबरोबर सांदीकोपऱ्यांत जाऊन बसतं आणि पत्रा खायला लागतं. आईला व्हिडिओ कॉलवर हे समजावून सांगितलं. ती जन्मभर रत्नागिरीत खिडक्यांचे गज रंगवत आलेली. म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे समुद्र फुकट करतो, ते तिकडे सरकार पैसे खर्चून करतं होय रे?"

या गाडीला वेगळी चेसिस नाही, हे खरं दुखणं. हिच्या आधीच्या एमजीएला होती. हिची बॉडी हीच चेसिस. त्यात वर छप्पर नाही, म्हणजे पुढचं चाक आणि मागचं चाक यांना एकत्र धरून ठेवण्याची मुख्य जबाबदारी दारांखालच्या सिलवर. ही सिल आतून पोकळ, आत आणखी पत्र्यांचे पडदे, आणि पाणी जायला ठेवलेली भोकं चिखलाने बुजलेली. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा मागतो, त्यामुळे जोडलेले दोन पत्रे तो आतून फुगवून वेगळे करतो. शिवाय तो सच्छिद्र. पापुद्रा सुटला की खालचा ताजा पत्रा पुढच्या पंगतीला तयार. ॲल्युमिनियमचं तसं नसतं. त्याच्यावर पहिला थर बसतो, तोच पुढच्या हवेला दार लावून घेतो. माझ्या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. पिढीजात व्यसनी घराण्यात एखादा मुलगा सुपारीसुद्धा न खाणारा निघावा, तसं ते उरलेल्या गाडीवर बसलेलं असतं.

गाडीची खरी परीक्षा लोहचुंबकाने होते. आमच्या फ्रिजवर गोव्याच्या सहलीतलं, नारळाच्या झाडाचं एक होतं, ते बायकोच्या नकळत काढलं. दारावर चिकटलं, मडगार्डच्या वरच्या भागावर चिकटलं. सिलवर लावलं, तर सरळ जमिनीवर. छिन्नी घेऊन खरवडत गेलो. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली फायबरग्लास, त्याच्याखाली चुरगळलेलं वर्तमानपत्र, आणि त्याच्याही मागे पॉप रिव्हेट मारून बसवलेला एक पत्रा. तो ज्या पत्र्याला रिव्हेटने धरलेला होता, तो मात्र केव्हाच स्वर्गवासी झालेला.

हळूहळू आधीच्या मालकांची ओळख पटत गेली. खरी नावं कागदपत्रांत असतील, मी आपली ठेवली आहेत. रिव्हेटराव हा त्यातल्या त्यात सज्जन. निदान त्याने धातू तरी वापरला. पुट्टीपंत कलावंत होता. त्याने सिलची गोलाई हाताने अशी घडवली होती, की फोडताना वाईट वाटलं. सगळ्यांत घातकी डांबरभाऊ. याने गंज न काढता खालून सगळीकडे काळा डांबरी लेप थापला. वरून कसं एकजीव, आणि आत अडकलेला ओलावा निवांत आपलं काम करतोय.

खालचा एकच भाग धडधाकट निघाला, इंजिनच्या आसपासचा. इंजिन वर्षानुवर्षं तेल गळत होतं आणि त्या तेलाने तिथला पत्रा जपला. गाडीतल्या एका बिघाडाने दुसऱ्याला रोखून धरलं, हीच काय ती तिची देखभाल. 2018 पासून या देशात चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतूनही सूट मिळाली आहे. जिला कोणीतरी दरसाल खडसावून विचारायला हवं, नेमकं तिलाच विचारणारं कोणी नाही.

भेटेल तो औषध सुचवतो. फॉस्फरिक ॲसिड लावा, गंज काळा पडतो आणि थांबतो. ते वरवरच्या गंजाला खरंच लागू पडतं. पण जिथे पत्राच नाही, तिथे लावायचं कशाला? भोकाला औषध नसतं. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. त्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी टाके मारून बसवायची, नाहीतर सिल कापताच गाडी मधोमध वाकते आणि मग दार जन्मात लागत नाही. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकलो. जेमतेम मिलिमीटरभराचा पत्रा. क्षणभर जास्त थांबलं की भोक बुजवता बुजवता नवं भोक.

विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेजकडे मूळ साच्यांवर काढलेली अख्खी नवी बॉडी मिळते, हे बायकोला कळलं. तिने विचारलं, "अरे, मग तीच का नाही घेत?" शहाणा प्रश्न आहे, आणि शहाणी माणसं तीच घेतात. पण मग रिव्हेटराव, पुट्टीपंत यांच्यावर मी काय म्हणून चिडायचं? गंजाशिवाय या छंदात उरतं काय? नुसती गाडी चालवणं. ते तर कोणीही करतं.

उजवी सिल झाली. दार आता एका बोटाने लागतं. मी तर उगाचच दोन-चारदा लावून पाहतो. त्याच सुमारास मंडळातले एक काका चहाला आले. काकांना सगळ्यातलं सगळं कळतं. "जुनी गाडी? लोहचुंबक आण," म्हणाले. मी अभिमानाने फ्रिजवरचं नारळाचं झाड आणून दिलं आणि सिलकडे बोट दाखवलं. गुडघ्यांमुळे काका वाकले नाहीत. हाताशी होतं ते बॉनेट. त्यावर त्यांनी झाड टेकवलं. ते घसरत खाली आलं. काकांनी पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. "काका, ते ॲल्युमिनियमचं—" एवढं मी म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

"असू दे रे," ते म्हणाले, "परदेशात फसतो माणूस."

मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत तीन जणांनी मला पुट्टी कितीला पडली ते विचारलं.