मालकीचा पुरावा

बदलापूरच्या कात्रपमध्ये गाडी घेणं म्हणजे पार्किंगमध्ये एक जनावर बांधून ठेवणं. सोमवार ते शनिवार आम्ही लोकलला लोंबकळत सीएसएमटी गाठतो. जनावर सोडायचं ते रविवारी. जुलैत तीन रविवार पावसानं खाल्ले. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन येऊ. मी किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली आणि गप्प झाली.

वरच्या मजल्यावरचे काका मल्टिमीटर घेऊन उतरले. निवृत्त झाल्यापासून ते अशा हाकेची वाटच बघत असतात. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, आमची 11.4. "अहो, एक तर ही म्हातारी, त्यात तुमचा टेप हिला रोज थोडी थोडी पितोय." गाडी बंद असली तरी टेपची पिवळी वायर थेट बॅटरीवर चालते म्हणे, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल वायर किल्लीवर.

शेजारच्या गाडीवरून जंपर लावला. मी मदत केली, म्हणजे चिमटे उलटे धरले. ठिणगी उडाली, काका ओरडले, चिमटे सुलटे झाले, गाडी सुरू झाली आणि टेप मेला. डॅशबोर्डखाली डोकं आणि फाटकाकडे पाय अशा शवासनात मी 15 अँपिअरचा निळा फ्यूज शोधला. आतली तार तुटलेली. नवा बसवला, टेप उजळला आणि त्यानं एकच शब्द लिहिला : 'कोड'.

वीज गेली की हा समजतो, आपली चोरी झाली. सगळी स्टेशनं विसरला, संशय तेवढा लक्षात ठेवला! गाडी सेकंडहँड, कोडचं कार्ड कुठलं असणार? 1234 दिला. नाही. जन्मसाल दिलं. नाही. लग्नाचं साल दिलं, तेव्हा बायकोनं मागून सांगितलं की तेही चुकलंय. तीन चुका झाल्यावर टेपनं दार लावून घेतलं. आता पुढचा प्रयत्न तासाभरानं, आणि तो तासभर टेप चालूच हवा. पेट्रोल वाचवायला मी इंजिन बंद केलं. चाळिसाव्या मिनिटाला बॅटरी बसली. पुन्हा जंपर, पुन्हा 'कोड', पुन्हा तास पहिल्यापासून. शंकरानं त्या दिवशी आमची वाट बघितली असेल, तर बघितली.

पुढच्या रविवारी नव्या बॅटरीसह उल्हासनगर. 'मेड इन यूएसए'चा अर्थ ज्या गावानं आपल्या सोयीनं 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावला, तिथं चार आकडी कोडची काय पत्रास! कारागिरानं सायकलच्या दोन तारा वाकवल्या, टेपच्या भोकांत खुपसल्या आणि दाढ उपटावी तसा टेप बाहेर ओढला. सीरियल नंबर बघायला उलटा केला, तर पाठीवर आधीच्या मालकानं मार्करनं कोड लिहून ठेवलेला. म्हणजे चोराला तो पहिल्या मिनिटाला मिळाला असता.

"पण साहेब, हा आता चोरणार कोण?" कारागीर म्हणाला. आमच्या टेपचा एवढा अपमान मलाही सहन झाला नाही.

काकांच्या हुकमानं आता रोज रात्री अकराला मी गाडी स्टेशनापर्यंत फिरवून आणतो. काल वॉचमननं फाटकात अडवलं. "रोज कुठं जाता, साहेब?"

"बॅटरी चार्ज करायला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मागच्या सीटवर टॉर्च मारला आणि वही उघडून गाडीचा नंबर लिहून घेतला.