स्पूलरसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. स्पूलरसाहेब,
मुक्काम जुनी विंडोज एक्सपी, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात, यांसी शिरोड्याहून सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, छपाईची कामं रांगेला लावून प्रिंटरकडे धाडणं हे तुमचं काम, पण परवा संध्याकाळी तुम्ही चाळीस मिनिटं राब राब राबलात आणि कागद एकही बाहेर आला नाही.

दशावताराच्या हँडबिलांची माझी सगळी जुनी मॅटर्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहेत. नव्या मशीनवर उघडली की राजापार्ट, संकासुर सगळे इंग्रजी अक्षरांच्या भेळेत बुडतात. म्हणून केवळ तुमच्यासाठी नव्या कॉम्प्युटरच्या आत एक्सपीचा लटका कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, थाटलं. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला संपल्या, तेव्हा म्हातारपणी कोणी फसवू नये म्हणून इंटरनेट दिलं नाही. बाकी एक कोअर, एक जीबी रॅम, यूएसबीने जोडलेला प्रिंटर. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती.

जत्रेतल्या दशावताराची हँडबिलं छापून घ्यायला मंडळाचे काका समोर बसलेले. पंखा असा घोंघावत होता की त्यांनी विचारलंच, "बाबा, मशीन तर घरघरता, पण कागद खंय आसा?"

आतला टास्क मॅनेजर उघडला. तुमच्या नावापुढे प्रोसेसरचा वापर ९८ टक्के. बाहेरच्या मशीनवर पाहिलं तर जेमतेम २५, कारण चार कोअरपैकी एकच तुमच्या ताब्यात. बाहेर पंचवीस दाखवून आत अठ्ठ्याण्णव खायची ही हातोटी मी आजवर फक्त रस्त्यांच्या कंत्राटांत पाहिली होती.

आधी मी बिचाऱ्या प्रिंटरला शिव्या दिल्या, केबल बदलली, टोनर हलवला. मग तुमची सर्व्हिस थांबवली आणि आकडा धाडकन शून्यावर आला. चोर सापडला. सिस्टीम३२ मधल्या तुमच्या स्पूल फोल्डरात डोकावलो, तर अडकलेल्या छपाईकामांच्या एसपीएल आणि एसएचडी फायलींची अडगळ. मे महिन्यातली एक लग्नपत्रिका अजून छपाईच्या आशेवर तिष्ठत होती. नवराबायको एव्हाना दिवाळसणही उरकून आलेली! सगळं पुसलं, तुम्हाला पुन्हा चालू केलं, चाचणीचं पान आलं. आरवलीच्या वेतोबाला वहाणांचा नवस बोलणार होतो, तेवढ्यात दोनशे प्रती सोडल्या आणि तुम्ही परत ९८ वर.

हाताखाली दुसरा कोअर दिला. त्याला तुम्ही नुसतं बसवून ठेवलंत.

शेवटी प्रिंटरच्या पोर्ट्सच्या पानावर 'बायडायरेक्शनल सपोर्ट'ची टिक दिसली आणि उलगडा झाला. तुम्ही छापत नव्हताच, विचारपूस करत होता. कागद आहे का? टोनर आहे का? झाकण लागलंय का? आणि यातला प्रत्येक प्रश्न जायचा एका लटक्या यूएसबी कंट्रोलरमधून. खऱ्या यूएसबीत सेकंदाला हजार ठोके पडतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्या ठोक्यांचं सोंग प्रोसेसरला वठवावं लागतं. टिक काढली. याच गावच्या मिठागरात १९३० साली मिठाचा कायदेभंग झाला होता. माझ्याच्याने एवढाच झाला.

कागद येऊ लागले, पण गोगलगायीच्या पावलांनी. इथे मात्र तुमची बाजू घेतो. प्रिंटर मीच स्वस्तातला आणलेला. त्याला पान कळत नाही, तयार ठिपके हातात द्यावे लागतात. ६०० डीपीआयला एका ए-फोर कागदाचे सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात, आणि ते सगळे मांडायचे तुम्ही, एका उसन्या कोअरवर. माझा कंजूषपणा तुमच्या बोकांडी बसला, हे कबूल.

तर आता व्यवस्था अशी : प्रिंटर तुमच्याकडून काढून बाहेरच्या मशीनला दिला आहे. आत फक्त पीडीएफ बनते, फॉन्ट तिच्या पोटातच असतात, ती सामायिक फोल्डरात येते आणि बाहेरून छापली जाते. काकांची दोनशे हँडबिलं दहा मिनिटांत निघाली. तुम्हाला कायमचं घरी बसवणार होतो, पण कळलं की पीडीएफ बनवणारा प्रिंटरही तुमच्याशिवाय हलत नाही. तेव्हा तुमची नोकरी शाबूत आहे. फक्त कागदाला हात लावायचा नाही.

आपला,
एक झेरॉक्सवाला, शिरोडा

ता. क. गिऱ्हाईकांना विनंती : जत्रेचं मॅटर आणताना पीडीएफ करूनच आणा, आणि जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आणू नका.